मस्कीगोचा हान्स हेग: नॉर्वेहून आलेल्या एका घरातला थोरला मुलगा

केतकीबन

जून २०२० मध्ये विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन इथे आंदोलकांनी कर्नल हान्स क्रिश्चन हेग याचा पुतळा पाडला, डोकं तोडलं आणि धड मोनोना तळ्यात टाकलं. तेव्हा हे नाव दोन दिवस बातम्यांत होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने, गुलामगिरीविरुद्ध लढताना मेलेल्या माणसाचाच पुतळा पडला, एवढं लोकांच्या लक्षात राहिलं. मला या धाग्यात पुतळ्याबद्दल नाही, माणसाबद्दल लिहायचं आहे. तो कुठल्या घरात वाढला आणि चौतिशीही न गाठता कसा गेला, हे मराठीत कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

हान्सचा जन्म २१ डिसेंबर १८२९ चा, नॉर्वेतल्या लिअर गावचा. द्रामेन शहराला लागूनच हे गाव. वडील एव्हन हेग प्रवाशांच्या मुक्कामाची सराई चालवायचे. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मग देश का सोडला? नॉर्वेत पिकाऊ जमीन जेमतेम तीन-चार टक्के, माणसं मात्र वाढत चाललेली. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एव्हन हाउगेपंथी होता. हान्स नील्सन हाउगे हा शेतकऱ्याचा मुलगा, पाद्री नसताना गावोगाव प्रवचनं करत हिंडायचा आणि त्यासाठी त्याने अनेक वर्षं तुरुंगात काढली. पाद्र्याच्या परवानगीशिवाय धार्मिक सभा भरवायला बंदी घालणारा १७४१ चा कायदा रद्द झाला १८४२ मध्ये. हेग कुटुंब १८४० मध्ये निघालं, तेव्हा तो कायदा जागेवरच होता. देव कुणी सांगायचा हे सरकार ठरवणार नाही, ही गोष्ट या घराने पदरमोड करून, समुद्र ओलांडून मिळवलेली होती. पोरगा तेव्हा दहा वर्षांचा. त्या वयात घरातलं बोलणं सगळं कळतं.

ते पोचले मस्कीगोला. मिशिगन सरोवराच्या पश्चिमेला, आजच्या रासीन परगण्यातल्या विंड लेकच्या आसपासची ही वस्ती. विस्कॉन्सिन तेव्हा राज्यही नव्हतं, ते झालं १८४८ मध्ये. सरकारी जमीन सव्वा डॉलर एकर. स्वस्त होती, पण दलदल, डास आणि हिवताप तिच्यासोबतच येत होते. पुढे कॉलराच्या साथी आल्या. नवीन आलेली कुटुंबं जहाजातून उतरून थकून, आजारी पडून इथे पोचायची आणि पहिला आसरा असायचा एव्हन हेगचं कोठार. आठवडेच्या आठवडे लोक तिथे राहायचे, पुढची जमीन शोधायचे, तिथेच प्रार्थना व्हायची, तिथेच लग्नं लागायची. आमच्याकडे एसटी स्टँड, देऊळ आणि तलाठी कचेरी एकाच छपराखाली यावी, तसं ते कोठार होतं.

जानेवारी १८४५ मध्ये या वस्तीतल्या ऐंशी माणसांनी मायदेशाच्या वर्तमानपत्राला एक जाहीर पत्र धाडलं. अमेरिकेत गेलेले लोक हाल काढतायत, अशी टीका तिकडे चालली होती, तिला हे उत्तर होतं. आम्हाला श्रीमंतीची आशा नाही, पण इथे सुपीक जमीन आहे, स्वातंत्र्य आणि समता आहे आणि आम्हाला आल्याचा पश्चात्ताप नाही, असा त्याचा सूर. हे लिहिणाऱ्यांच्या घरात नुकतीच माणसं तापाने गेलेली होती, हे लक्षात घेऊन ते वाचायला हवं.

दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, हेगच्याच लाकडी घरात छापखाना बसला आणि 'नूरलीसे' निघालं. अमेरिकेतलं हे पहिलं नॉर्वेजियन वर्तमानपत्र. गुलामगिरी नव्या प्रदेशात पसरू देऊ नका म्हणणाऱ्या फ्री सॉइल पक्षाच्या बाजूने ते उभं राहिलं. म्हणजे सतराव्या वर्षी हान्सच्या घरात रोज रात्री कशावर वाद होत असतील, याचा अंदाज करायला फार कल्पना लागत नाही. तो युद्धात जे वागला त्याचा पाया या घरात पडला, असं माझं ठाम मत आहे.

१८४९ मध्ये तो मित्रांबरोबर कॅलिफोर्नियाला सोनं शोधायला गेला. सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात दोनेक वर्षं काढली. वडील गेल्याची बातमी आली आणि १८५१ मध्ये तो घरी परतला. थोरला होता, भावंडं होती. गुनिल्ड आइनॉन्गशी लग्न झालं, तीही नॉर्वेहून आलेल्या घरातली. शेती, थोडा व्यापार, गावकी, परगण्याचं बोर्ड असं करत तो राजकारणात आला आणि नव्या रिपब्लिकन पक्षाकडून १८५९ मध्ये राज्याचा तुरुंग आयुक्त म्हणून निवडून आला. विस्कॉन्सिनमध्ये राज्यभराच्या मतांवर निवडून आलेला नॉर्वेत जन्मलेला हा पहिला माणूस.

कुटुंबासह तो वॉपनच्या तुरुंगाच्या गावी राहायला गेला. तिथल्या त्याच्या अहवालांत कैद्यांना सुधारायची, वाट चुकलेल्याला परत आणायची भाषा आहे. १८६० साली तुरुंग चालवणारा माणूस असं लिहितो, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता एक प्रसंग. मार्च १८५४ मध्ये जोशुआ ग्लोव्हर नावाचा, मिसूरीतून पळून आलेला गुलाम रासीनजवळ पकडला गेला. तो तिथे लाकूड कापायच्या गिरणीत काम करायचा. रासीन म्हणजे हेगचाच परगणा. पळालेला गुलाम मालकाला परत केलाच पाहिजे, असा १८५० चा केंद्रीय कायदा होता. ग्लोव्हरला मिलवॉकीच्या तुरुंगात टाकलं तेव्हा शर्मन बूथ या संपादकाच्या हाकेवर जमाव जमला, दार फोडलं, ग्लोव्हर सुटला आणि कॅनडाला पोचला. बूथवर खटला चालला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५९ मध्ये तो निकाल फिरवला. बूथ पुन्हा आत. ऑगस्ट १८६० मध्ये त्याच्या मित्रांनी त्याला पळवलं आणि आणलं ते थेट वॉपनला, हेगच्या आश्रयाला. केंद्र सरकारचा फरार आरोपी राज्याच्या तुरुंग आयुक्ताकडे! पद जाऊ शकत होतं, खटला होऊ शकत होता. घरात लहान मुलं. त्याने आसरा दिला. वडिलांचं कोठार आणि मुलाचं वॉपन, यांत मला तरी अंतर दिसत नाही.

१८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध सुरू झालं. आयुक्तपदासाठी पुन्हा उभं राहायचं सोडून हेगने स्कँडिनेव्हियन लोकांची रेजिमेंट उभी करायचं काम घेतलं आणि राज्यपाल अलेक्झांडर रँडल यांनी त्याला कर्नल नेमलं. आपण स्वीकारलेल्या देशाचं सरकार धोक्यात आहे, तेव्हा हात पुढे करणं आपलं कर्तव्य आहे, असं आवाहन त्याने नॉर्वेजियन वर्तमानपत्रातून केलं. पंधरावी विस्कॉन्सिन रेजिमेंट अशी जमली. एकूण नऊशेच्या आसपास माणसं, बहुतेक नॉर्वेजियन, काही डॅनिश आणि स्वीडिश. तुकड्यांची नावं सेंट ओलाफ रायफल्स, ओडिन रायफल्स, नॉर्वे बेअर हंटर्स अशी. ओले ओलसन या एकाच नावाचे इतके, की हजेरी घेणाऱ्याची पंचाईत.

मिसिसिपीवरचं दहा नंबरचं बेट, मग ऑक्टोबर १८६२ मध्ये पेरीव्हिल, वर्षअखेरीस स्टोन्स रिव्हर, अशा लढाया झाल्या. स्टोन्स रिव्हरला हेगचा घोडा गोळी लागून पडला. मे १८६३ मध्ये त्याच्याकडे ब्रिगेड, म्हणजे अनेक रेजिमेंटांची तुकडी, आली. ऑगस्टच्या शेवटी टेनेसी नदी होड्यांतून ओलांडणाऱ्यांत त्याची पंधरावी रेजिमेंट सर्वांत पुढे होती. १९ सप्टेंबरला जॉर्जियातल्या चिकमॉगा ओढ्याजवळ, व्हिनियार्ड यांच्या शेताच्या परिसरात, दिवसभर पुढे-मागे होत लढाई चालली. संध्याकाळी हेगच्या पोटात गोळी लागली. दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला, रणभूमीवरच्या दवाखान्यात तो गेला. चौतिसावं वर्ष पुरं व्हायला तीन महिने होते.

सेनापती रोझक्रान्सने बातमी ऐकून म्हटलं की तो शूर अधिकारी होता आणि मी त्याला जनरल करणार होतो. हे वाक्य सगळीकडे छापतात. मला त्याहून दोन दिवस आधीचं, १८ सप्टेंबरचं गुनिल्डला लिहिलेलं पत्र मोठं वाटतं. शत्रू समोर आहे, लढाई होईलसं दिसतं, माझी काळजी करू नकोस, माझी प्रकृती आणि मन दोन्ही ठीक आहे, नेहमीच्या नशिबावर विश्वास आहे, जमेल तेवढी सावधगिरी आणि धैर्य दाखवीन, असा त्यातला मजकूर आहे. युद्धकाळात त्याने तिला दोनशेहून अधिक पत्रं लिहिली आणि ती तिने जपली. १९३६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. हेग कळतो तो या पत्रांतून.

ज्यांनी हा भाग पाहिलाय किंवा या काळावर वाचलंय त्यांनी जरूर लिहा.

---

वाटसरू

केतकीताई, एका दमात वाचलं. बूथचा प्रसंग अजिबात माहीत नव्हता. एक विचारायचं होतं. कॅलिफोर्नियात सोनं मिळालं का त्याला? आणि एवढी चांगली नोकरी असताना कर्नल व्हायला का गेला असेल? सैन्याचा काही अनुभव होता का?

---

केतकीबन

वाटसरू, आभार. सोन्याने घर भरल्याचं काही दिसत नाही. परत येऊन त्याने शेतीच धरली.

लष्करी शिक्षण नव्हतं. पण त्या युद्धातले दोन्हीकडचे कित्येक कर्नल असेच होते. कुणी वकील, कुणी शिक्षक, कुणी पुढारी. राज्यपाल नेमणूक करायचे आणि जो माणसं जमवू शकेल त्याला पद मिळायचं. हेगला 'वाइड अवेक्स'चा अनुभव होता. रिपब्लिकन पक्षाच्या तरुणांची ती संघटना, मशाली घेऊन शिस्तीत संचलन करायची. बाकी सगळं तो छावणीतच शिकला. पत्रांत दिसतं की कवायत आणि स्वच्छता या दोन गोष्टींवर त्याचा कटाक्ष होता. माझी रेजिमेंट कुणापेक्षा कमी दिसता कामा नये, ही ईर्ष्या तर पानोपानी आहे. हे लोक परदेशी, यांची भाषा वेगळी, हे लढतील का, अशी शंका घेणारे आजूबाजूला होतेच.

---

नाना_मिरजकर

लेख उत्तम. पुढील लेखनास शुभेच्छा.

मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. नॉर्वेजियन म्हणजे सगळे गुलामगिरीविरोधी, असं चित्र या लेखातून होऊ नये. त्यांच्या चर्चचे पाद्री तर बायबलचा आधार देऊन गुलामगिरी हे मुळात पाप नाही, असं सांगत होते. १८६१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच रॉक प्रेअरी इथे नॉर्वेजियन सिनॉडच्या (चर्चच्या संघाच्या) पाद्र्यांनी तसं निवेदन काढलं होतं. सेंट लुइसच्या जर्मन मिसूरी सिनॉडशी त्यांचे घनिष्ठ संबंध होते आणि पाद्री तिथेच तयार होत होते.

---

केतकीबन

नाना, अगदी बरोबर, आणि हा भाग मुद्दाम यायला हवा होता. त्या निवेदनावर सही करणाऱ्यांत क्लाउस क्लाउसेनही होता. जन्माने डॅनिश, मस्कीगोचा पहिला पाद्री. हान्सच्या लहानपणी त्याच्या घराभोवती वावरलेला माणूस. नंतर क्लाउसेनने ती सही मागे घेतली, गुलामगिरी ही बायबलच्या प्रेमाच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे असं उघड म्हटलं आणि पंधराव्या रेजिमेंटचा पाद्री म्हणून तो हेगबरोबर युद्धावर गेला. सहकाऱ्यांशी त्याचा वाद नंतर कित्येक वर्षं चालला, आणि शेवटी तो सिनॉडमधून बाहेर पडला.

सामान्य शेतकरी मात्र बऱ्याच ठिकाणी आपल्या पाद्र्यांच्या विरोधात गेले. इथे हाउगेपंथाचा धागा पुन्हा दिसतो. ज्या लोकांनी पाद्र्याच्या परवानगीशिवाय देवाचं नाव घ्यायचा हक्क मागितला, ते गुलामगिरीच्या बाबतीत पाद्री सांगेल ते कशाला ऐकतील?

---

सातारकरीण

माझे यजमान फौजेत होते. आमच्या गावात प्रत्येक आळीत एक तरी घर असं आहे. त्यामुळे मला या सगळ्यात गुनिल्ड दिसते. त्याच्या कर्तृत्वावर सगळे लिहितात, तिच्यावर कोण लिहिणार? दोनशे पत्रं आली म्हणजे दोनशे वेळा तिने दारात उभं राहून वाट पाहिली. त्या पत्रांत घरचं काही असतं का, की नुसत्या लढाया?

---

केतकीबन

ताई, घरचं पुष्कळ असतं. पैसे पाठवले ते पोचले का, कुणाचं देणं राहिलंय, मुलांच्या शाळेचं काय, तिची प्रकृती कशी आहे, तू पत्र का लिहीत नाहीस. पत्र वेळेत आलं नाही की रुसवाही असतो. मोठा एडमंड आणि लहान हिल्डा यांची चौकशी जवळजवळ प्रत्येक पत्रात. तंबू कसा आहे, जेवण काय मिळालं, घोडा कसा आहे, हे असतं. लढाईचं वर्णन तो बेताचंच करतो, ती घाबरू नये म्हणून.

एक तान्हं मूलही त्यांचं गेलेलं होतं. तीन मुलं घेऊन ती विधवा झाली. मुलगी हिल्डा पुढे अमेरिकेच्या संसदेतले न्यू जर्सीचे सदस्य चार्ल्स फाउलर यांची पत्नी झाली, एक मुलगा वर्तमानपत्रात गेला, एक डॉक्टर झाला. मुलं मार्गाला लागली याचं श्रेय माझ्या मते सगळं गुनिल्डचं आहे. आणि ती पत्रं तिने फाडली-जाळली असती तर आज आपण हेगला फक्त लष्करी अहवालांतून ओळखलं असतं.

---

वैद्य_पुणे

पोटातल्या गोळीबद्दल थोडं लिहितो, कारण तो एक दिवस तरी कसा जगला असेल असा प्रश्न कुणालाही पडेल.

त्या युद्धात 'मिनिए' नावाची गोळी सर्रास वापरात होती. मऊ शिशाची, जड. शरीरात शिरली की चपटी होते आणि वाटेतलं सगळं फाडत जाते. हातापायाला लागली तर हात-पाय कापून माणूस वाचवता यायचा आणि तसे हजारो वाचले. पोटात शिरून आतडं फाटलं की मात्र उपाय नव्हता. पोट उघडून आतडं शिवायची शस्त्रक्रिया तेव्हा कुणी करत नसे. जंतूंचं ज्ञानच नव्हतं, लिस्टरने निर्जंतुकीकरणावर लिहिलं ते १८६७ मध्ये. पोटाच्या आतपर्यंत जखम झालेल्या दहांतले जवळजवळ नऊ सैनिक मरायचे. डॉक्टरांच्या हातात अफू, पाणी आणि धीर देणं एवढंच होतं. रक्तस्राव हळू असेल तर माणूस काही तास, एखादा दिवस शुद्धीवर राहू शकतो. हेगला आपली अवस्था कळली नसेल असं मला वाटत नाही.

---

केतकीबन

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रतिसादाला जोडून सांगते. पंधराव्या रेजिमेंटचा सर्जन स्टीफन ऑलिव्हर हिमो हा हेगचा मेहुणा होता, बहिणीचा नवरा. म्हणजे त्या दवाखान्याभोवती घरचंच माणूस वावरत होतं.

आजारपणाचाही हिशेब विलक्षण आहे. रेजिमेंटचे साधारण तीनशे लोक युद्धात गेले. त्यात गोळीने मेले त्याच्या दुपटीहून जास्त रोगाने मेले. हगवण, विषमज्वर, हिवताप. १८६२ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या त्या दहा नंबरच्या बेटावर तुकड्या पहाऱ्याला राहिल्या, तिथे फार माणसं आजारी पडली.

---

रानपाखरू

लेखाशी सहमत आहे, पण सव्वा डॉलर एकर जमिनीबद्दल बोलायला हवं. ती जमीन सरकारकडे आली कुठून? पोटावाटोमी लोकांची होती. १८३३ च्या शिकागो तहात त्यांच्याकडून मिशिगन सरोवराच्या पश्चिमेचा उरलेला प्रदेश घेतला आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकललं. त्यानंतर सात वर्षांनी हेग कुटुंब तिथे आलं. स्वातंत्र्य आणि समतेचं ते पत्र लिहिणाऱ्यांना हे दिसलं नाही का?

---

केतकीबन

रानपाखरू, दिसलं असणार. त्या काळात त्या भागात पोटावाटोमी लोक पूर्ण गेलेले नव्हते, काही कुटुंबं परत येत होती, जंगलात राहत होती. पण वसाहतीच्या लेखनात त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची टोचणी मला आढळत नाही. गुलामगिरीचा अन्याय ज्यांना इतका स्पष्ट दिसला, त्यांना स्वतःच्या पायाखालची जमीन दिसली नाही. हेगला मी मोठा मानते आणि ही गोष्टही तितकीच खरी मानते. यातलं एक बोलायचं म्हणून दुसरं झाकायची मला गरज वाटत नाही.

---

सत्यशोधक_वाचक

या धाग्याचा आपल्याकडे एक थेट दुवा आहे, म्हणून लिहितो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अर्पण केली युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी जनांना. काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी जे औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी दाखवली तिच्या गौरवासाठी. माझे देशबांधव त्यांचा कित्ता गिरवतील आणि आपल्या शूद्र बांधवांना दास्यातून सोडवतील, अशी आशाही तिथे व्यक्त केली आहे.

जोतीराव १८२७ चे, हेग १८२९ चा. एकाच पिढीतली माणसं. हेग मेल्यावर दहा वर्षांनी पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली गेली. त्यात कुणा एकाचं नाव नाही, पण ज्या लोकांना ती उद्देशून आहे त्यांत रॉक प्रेअरीच्या पाद्र्यांचं न ऐकणारे ते नॉर्वेजियन शेतकरीही येतात. धर्मग्रंथाचा आधार देऊन दास्य टिकवणारे आणि तो आधार नाकारणारे, हा झगडा जोतीरावांनी आयुष्यभर केला.

---

नाना_मिरजकर

वा! हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, हेही आठवलं. कापूस आणि शेअरचे दलाल प्रेमचंद रायचंद, समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचे शेअर आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर झालेली धूळधाण. त्या युद्धाने एकाच वेळी मुंबईला पैसा आणि पुण्याला विचार दिला.

---

उत्तरध्रुव

सगळं ठीक, पण पुतळा पाडणाऱ्यांना क्षमा नाही. ज्याच्या विरोधात लढायचं आणि ज्याने आपल्यासाठी जीव दिला, यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी आंदोलन कशाला करावं? माहिती नसेल तर वाचावं.

---

रानपाखरू

उत्तरध्रुव, सगळ्यांनाच माहिती नव्हती असं नाही. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरचे ते दिवस होते. त्या रात्रीचं निमित्त होतं एका कृष्णवर्णीय कार्यकर्त्याची अटक. त्याच रात्री 'फॉरवर्ड' हा प्रगतीचं प्रतीक असलेला स्त्रीचा पुतळाही पाडला. मॅडिसन स्वतःला पुरोगामी म्हणवतं, दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर जगतं आणि आजच्या कृष्णवर्णीयांची स्थिती बघत नाही, असं तेव्हा काही आंदोलकांनी बोलून दाखवलं. तुम्हाला ते पटणार नाही, मलाही हेगचं डोकं तोडलेलं पाहून वाईट वाटलं. पण ते म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे.

---

उत्तरध्रुव

ऐकून घेतलं. तरी मला पटत नाही. हेगचा पुतळा पाडून कुठल्या कृष्णवर्णीय माणसाचं भलं झालं? राग योग्य, जागा चुकीची.

---

केतकीबन

मी दोघांच्या मध्ये आहे असं नाही म्हणणार. मला पुतळा पाडणं चुकीचंच वाटतं. त्याचा इतिहासही सांगते. शिल्पकार पॉल फ्येल्दे, नॉर्वेजियन अमेरिकनच. १९२५ मध्ये नॉर्वेजियन स्थलांतराला शंभर वर्षं झाली, त्या काळात एकाच साच्यातून तीन पुतळे झाले. एक मॅडिसनच्या विधानभवनासमोर, एक लिअरमध्ये म्हणजे जन्मगावी, एक मस्कीगोच्या जुन्या वस्तीत. वर्गणी सामान्य लोकांनी काढली होती. मॅडिसनचा पुतळा दुरुस्त होऊन सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा उभा राहिला.

मला खंत वेगळीच आहे. पडायच्या आधी त्या चौकातून रोज हजारो माणसं जात होती, आणि हा कोण हे कितींना सांगता आलं असतं? पुतळा उभा करणाऱ्यांनी त्यात कर्नल घडवला. गणवेश, छाती पुढे. वॉपनला फरार माणसाला आसरा देणारा आयुक्त त्यात नाही, कोठारातला पोरगाही नाही. शाळेच्या मुलांना बूथ-ग्लोव्हरची गोष्ट शिकवली असती तर पुतळ्याच्या पायथ्याशी त्या रात्री कुणीतरी उभं राहून सांगितलं असतं.

---

वाटसरू

चिकमॉगाला त्याचं काही स्मारक आहे का? पुढच्या वर्षी चॅटनूगाला जायचा बेत आहे.

---

केतकीबन

आहे. चिकमॉगाचं रणांगण आता राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे लढाईत पडलेल्या ब्रिगेड-प्रमुखांच्या जागा तोफगोळ्यांचे मनोरे रचून दाखवल्या आहेत, त्यांत एक हेगचा. पंधराव्या विस्कॉन्सिनचं स्वतंत्र स्मारकही जवळच आहे. त्या दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे ३४,००० लोक मेले, जखमी झाले, पकडले किंवा बेपत्ता झाले. त्या युद्धात गेटिसबर्गच्या लढाईखालोखाल हा आकडा. पंधराव्या रेजिमेंटमधून लढाईत उतरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गारद झाले. पकडलेल्यांत लेफ्टनंट कर्नल ओले जॉन्सनही होता. त्याला रिचमंडच्या लिबी तुरुंगात टाकलं, आणि नंतर तो कैदेतून निसटून उत्तरेकडच्या सैन्यात परत पोचला. त्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

हेगचा देह मात्र विस्कॉन्सिनला आणला. विंड लेकजवळ नॉर्वे लुथरन चर्चच्या दफनभूमीत तो आहे, लहानपणच्या घरापासून जवळच. तिकडे गेलात तर हेग मेमोरियल पार्कही बघा.

---

सातारकरीण

क्लाउसेनच्या त्या मूळच्या मस्कीगो चर्चची इमारत अजून आहे का? लाकडाची होती असं म्हणतात.

---

केतकीबन

ताई, आहे. १८४३-४४ मध्ये बांधलेलं ते ओंडक्यांचं चर्च १९०४ मध्ये उचलून मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे नेलं. आज ते लुथर सेमिनरीच्या आवारात उभं आहे. ते बांधताना वस्तीत किती भांडणं झाली, क्लाउसेन आणि हाउगेपंथी प्रवचनकार एलिंग आयेल्सेन यांचं का पटलं नाही, हा मोठा विषय आहे. त्यावर पुढच्या आठवड्यात वेगळा धागा काढते, नानांनी तिथे जरूर यावं.